वेगवान सौरवारा कोरोनल होलमध्ये नेमका कुठून सुटतो? (आणि साताऱ्यात बसून त्याचा माग कसा काढायचा)

माहुली_संगम (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. साताऱ्यातल्या एका शाळेच्या विज्ञान मंडळासाठी भिंतीवरचा तक्ता करायचाय. रोज सूर्याचं एक चित्र, शेजारी त्या दिवसाचा सौरवाऱ्याचा वेग, आणि दोघांचा मेळ लागतो का ते मुलांनीच शोधायचं. साहित्य म्हणजे ग्राफ पेपर, प्रिंटर आणि इंटरनेट, बास.

अडतंय ते इथं. वेगवान वारा (सूर्यातून सतत बाहेर वाहणारे भारित कण) कोरोनल होलमधून, म्हणजे कोरोना या सूर्याच्या बाहेरच्या वातावरणातल्या काळ्या दिसणाऱ्या भागातून येतो, एवढं सगळीकडे लिहिलेलं असतं. पण होल म्हणजे काही वेळा तबकडीचा मोठा भाग खाऊन टाकणारा काळा पट्टा. वारा त्या सगळ्या काळ्यातून सारखाच सुटतो, की आत ठरावीक जागा आहेत? दुसरं असं, की आज वेग ६०० किमी/से आहे आणि आजच एक होल बरोब्बर मध्यावर आहे, तर तेच उगमस्थान असं मुलांना सांगू का? जाणकारांनी जरा सविस्तर लिहावं. नुसती लिंक चिकटवून पळू नका.

कृष्णाकाठ

दुसरा प्रश्न आधी घेतो, कारण तक्ता तिथेच फसतो. नाही, सर. आज मध्यावर दिसणाऱ्या होलचा वारा आज तुमच्याकडे पोचलेला नसतो.

सूर्य ते पृथ्वी सुमारे १४.९६ कोटी किमी. ४०० किमी/से वेगाने हे अंतर कापायला ४.३ दिवस लागतात, ५०० ने ३.५, ६०० ने २.९ आणि ७०० ने अंदाजे अडीच. तेवढ्या वेळात सूर्य फिरत राहतो, आपल्याला दिसतो त्या हिशेबाने दिवसाला १३.२ अंश. म्हणजे आज ६०० चा वारा मोजला असेल, तर तो जिथून निघाला ती जागा आज मध्यापासून पश्चिमेला सुमारे ३८ अंशांवर गेलेली असणार. ४०० चा असेल तर ५७ अंशांवर. आणि पश्चिम म्हणजे सूर्याच्या चित्रात उजवी बाजू. इथं हमखास घोळ होतो, कारण शाळेच्या नकाशाच्या सवयीने मुलं पश्चिम डावीकडे धरतात. डाग असो की होल, चित्रात डावीकडून उजवीकडे सरकतं.

उलटा हिशेब, म्हणजे अंदाज बांधायचा तर: होल मध्यावर आलं ती तारीख टिपा, त्यात तीन ते चार दिवस मिळवा. १० तारखेला मध्यावर असेल तर १३-१४ ला वेग चढायला हवा.

दोन सावधगिऱ्या. चित्रांवरची आणि आलेखांवरची वेळ जागतिक असते, आपली साडेपाच तास पुढे. रात्री अकराच्या नोंदी सरळ आपल्या तारखेत टाकल्या की सगळा तक्ता तिरका जातो. आणि वरचा हिशेब वारा पहिल्यापासून एकाच वेगाने आला असं धरतो. तसं नसतं, सूर्याजवळ तो वेग पकडत असतो. त्यामुळे उगमाच्या रेखांशात दहाएक अंशांची चूक गृहीतच धरा. होलची डावी-उजवी कड यावरून ठरवायला जाऊ नका.

वाईकर

पण वारा सरळ येतो की वळत येतो? चित्रांत सगळीकडे चकलीसारखी रेघ दाखवतात.

कृष्णाकाठ

सरळ येतो. उसाच्या फडात गोल फिरणारी रेनगन बघा: प्रत्येक थेंब सरळच सुटतो, पण वरून फोटो काढला तर पाण्याची रेघ वळलेली दिसते. वळलेलं असतं ते चुंबकीय क्षेत्र, कारण त्याचं एक टोक सूर्यात अडकलेलं आणि बाकीचं वाऱ्याबरोबर वाहत आलेलं. पृथ्वीपाशी ते सूर्य-पृथ्वी रेषेशी साधारण ४५ अंशांचा कोन करतं. पुढे तपासणीला हाच कोन कामी येतो, खाली लिहितो.

अजिंक्यतारा

आता पहिला प्रश्न. सगळ्या काळ्यातून सारखा सुटत नाही.

१९५८ साली शास्त्रज्ञ यूजीन पार्करने सांगितलं की कोरोना इतका तापलेला आहे की तो जागच्या जागी बसून राहू शकत नाही, त्याला सतत बाहेर वाहावंच लागतं. १९६२ मध्ये मरिनर-२ यानाने महिनोन्‌महिने वारा मोजला, त्यात वेगवान आणि मंद असे प्रवाह आलटून पालटून आले आणि २७ दिवसांनी पुन्हा आले. २७ दिवस म्हणजे सूर्याचीच एक फेरी, तेव्हा उगम सूर्याला चिकटलेला हे उघड झालं. खरं तर बार्टेल्सने १९३२ मध्येच २७ दिवसांनी परतणारी चुंबकीय वादळं बघून सूर्यावर काही तरी न दिसणारे प्रदेश असावेत म्हटलं होतं. गंमत अशी की त्या प्रदेशांशी सौरडागांचा मेळ लागत नव्हता. लागणार कसा? डाग म्हणजे बंद फासांची, म्हणजे सूर्यातून निघून सूर्यातच परतणाऱ्या चुंबकीय रेषांची गर्दी. वारा सुटतो तो उघड्या क्षेत्रातून, जिथल्या रेषा परत न वळता अवकाशात जातात. १९७० च्या नोव्हेंबरमध्ये रॉकेटवरून घेतलेल्या क्ष-किरण चित्रातलं एक होल आणि यानांनी मोजलेला वेगवान प्रवाह यांची जोडी १९७३ मध्ये क्रीगर, टिमोथी आणि रोलॉफ यांनी जमवली. त्याच वर्षी स्कायलॅब हे अवकाशस्थानक वर गेलं आणि मग शंका उरली नाही. युलिसिस यानाने १९९४-९५ मध्ये दोन्ही ध्रुवांवरून जाताना जवळजवळ सलग ७५० किमी/से चा वारा मोजला, कारण तिथं मोठी होलं होती.

हे झालं होलपर्यंत. आता होलच्या आत.

सूर्याच्या पृष्ठभागावर सुमारे ३०,००० किमी रुंदीच्या संवहन-पेशी असतात, महाकणिका. प्रत्येकीत वायू मध्यातून वर येतो, कडेकडे सरकतो आणि कडेला खाली जातो. एक महाकणिका सुमारे एक दिवस टिकते. वायूबरोबर चुंबकीय क्षेत्रही कडेला ढकललं जातं, त्यामुळे कडांचं एक जाळं तयार होतं आणि जिथे तीन-चार पेशींच्या कडा मिळतात तिथल्या गाठींवर क्षेत्र सगळ्यात दाट. होलमध्ये सरासरी क्षेत्र पाच-दहा गॉस (चुंबकीय क्षेत्र मोजायचं एकक) निघतं, पण ते असं पसरलेलं नसतं. गाठींवर हजार गॉसच्या वर असतं आणि मधे जवळपास मोकळं. हे दाट पुंजके वर जाताना रुंदावतात, शेजारच्या पुंजक्यांना भिडतात आणि मग सगळं आकाश भरून टाकतात. पायथ्याला अरुंद, वर रुंद. यांनाच फनेल म्हणतात.

वारा सुटतो तो या फनेलांतून. सोहो यानावरच्या सुमर वर्णपटमापकाने हे दाखवलं. निऑनच्या सात इलेक्ट्रॉन गमावलेल्या आयनाची ७७० अँगस्ट्रॉमची रेषा होलमध्ये निळ्याकडे सरकलेली दिसली, म्हणजे वायू आपल्याकडे येतोय, आणि सगळ्यात जास्त सरकलेली जाळ्याच्या कडांवर, विशेषतः गाठींवर. हॅसलर आणि सहकाऱ्यांचा हा निष्कर्ष १९९९ चा. २००५ मध्ये तू (Tu) नावाच्या संशोधकाने आणि सहकाऱ्यांनी उंचीही काढली: ५,००० किमीवर कार्बनच्या आयनात ठळक प्रवाह नाही, २०,००० किमीवर निऑनच्या आयनात सेकंदाला दहाएक किलोमीटरचा प्रवाह आहे. वारा या दोन उंचींच्या मधे मार्गी लागतो.

दहा किमी/से हा आकडा मुलांना मुद्दाम दाखवा. पृष्ठभागावरून सुटायला ६१८ लागतात. म्हणजे उगमापाशी वारा वेगवान नसतोच. वेग वर मिळतो, पुढच्या कित्येक सूर्यत्रिज्यांत.

सज्जनगड_पायरी

चांगलं मांडलंत. एक सुधारणा सुचवतो: होल काळं का, हेही सांगा, नाहीतर मुलं खड्डा समजतात.

अजिंक्यतारा

बरोबर. बंद फासांत तापलेला वायू कोंडून राहतो, दाट होतो आणि दूर-अतिनील प्रकाशात चमकतो. उघड्या क्षेत्रात तो निसटून जातो, घनता दोन-तीन पटींनी कमी राहते आणि तापमानही दहा लाख केल्विनच्या आसपास किंवा थोडं खालीच, भोवताली पंधरा-वीस लाख. उजेड घनतेच्या वर्गाप्रमाणे कमी होतो, म्हणून एवढा फरक दिसतो. खड्डा वगैरे काही नाही. साध्या प्रकाशात त्याच जागी सूर्य अगदी नेहमीसारखा दिसतो.

मिरजेची_तार

म्हणजे शाळेच्या दुर्बिणीला फिल्टर लावून होल दिसणार नाही?

कृष्णाकाठ

नाही. पांढऱ्या प्रकाशाच्या फिल्टरने डाग दिसतील, हायड्रोजन-अल्फाने तंतू (कोरोनात तरंगणारे थंड वायूचे पट्टे) आणि ज्वाला दिसतील, होल कशातच नाही. आदित्य-एल१ वरची सूट दुर्बीण पुण्याच्या आयुकात बनली म्हणून तिची चित्रं लावायचा मोह होईल. पण ती २०० ते ४०० नॅनोमीटरमध्ये बघते, म्हणजे प्रकाशगोल आणि वर्णगोल, कोरोनाच्या खालचे थर. होलसाठी नासाच्या एसडीओ यानाचं १९३ अँगस्ट्रॉमचं चित्र घ्या, जोडीला २११ चं. आदित्यचं काम वाऱ्याच्या बाजूला आहे: ॲस्पेक्स आणि पापा ही उपकरणं एल१ पाशी (सूर्य-पृथ्वी रेषेवर पृथ्वीच्या अलीकडचा बिंदू) प्रोटॉन आणि अल्फा कण मोजतात, आणि चुंबकत्वमापक वेगळा आहे. नोंदी इस्रोच्या प्रदान पोर्टलवर मिळतात, पण रोजच्या तक्त्याला तत्काळ आलेख लागतो, तो एल१ पाशीच असलेल्या एस यानाचा वापरा.

चित्रात होल ओळखताना मुख्य फसगत म्हणजे तंतू. १९३ मध्ये तोही काळाच. ओळखायचं असं: त्याच वेळचं ३०४ चं चित्र उघडा. तंतू तिथेही काळा आणि रेखीव उठून दिसतो, होल मात्र फिकट आणि अस्पष्ट होतं. तरी शंका राहिली तर चुंबकचित्र (पृष्ठभागावरच्या चुंबकीय क्षेत्राचा नकाशा) बघा. होलखाली एकच रंग भरपूर असतो, बहुतेक पांढरे ठिपके किंवा बहुतेक काळे. तंतू दोन रंगांच्या सीमेवर बसलेला असतो. ही चाचणी न केलेलं होल तक्त्यात चढवू नका.

तासगाव_बाग

आमच्याकडे द्राक्षबागेत फवारणीचे ड्रोन आलेत, जीपीएसवर चालतात. असा वारा आला की ते भरकटतात का?

मिरजेची_तार

वेगवान प्रवाहाने नाही, दादा. त्याने होणारी वादळं बहुतेक जी१-जी२ दर्जाची, म्हणजे सौम्य ते मध्यम. आपल्याकडे जीपीएसला त्रास होतो तो सूर्यास्तानंतर आयनोस्फिअरमध्ये उठणाऱ्या बुडबुड्यांमुळे. ते विषुववृत्तीय प्रकरण आहे आणि शांत दिवशीही होतं. फवारणी सकाळी करता, तेव्हा निश्चिंत राहा. लघुलहरींवर बोलणाऱ्यांना मात्र वादळाच्या दिवशी वरचे बँड लवकर मिटल्याचं जाणवतं. खरी झळ भूस्थिर उपग्रहांना. वेग चढल्यानंतर दोन-तीन दिवसांत बाहेरच्या किरणपट्ट्यात अतिवेगवान इलेक्ट्रॉन वाढतात आणि उपग्रहाच्या आत भार साठवतात.

वाईकर

कास पठारावरून ध्रुवीय प्रकाश?

मिरजेची_तार

कासला फुलं बघा. मे २०२४ मध्ये लडाखात हानले इथं तांबूस प्रकाश टिपला गेला, तो सूर्यावरच्या स्फोटांतून फेकल्या गेलेल्या ढगांमुळे. होलच्या वाऱ्याचं ते काम नाही.

माहुली_संगम

वा, बरंच उलगडलं. अजून दोन शंका. दहा किमी/से चे साडेसातशे कोण करतं? आणि सगळ्या होलांचा वारा वेगवान असतो का? कारण गेल्या वर्षीच्या आलेखात छोटी होलं मध्यावरून गेली तरी वेग साडेचारशेच्या वर गेलेला दिसत नाही.

अजिंक्यतारा

कोण करतं यावर अजून भांडण आहे. माझा कल कुठे आहे तो सांगतो.

नुसत्या उष्णतेच्या दाबावर ७५० मिळत नाहीत. दहा लाख केल्विनच्या कोरोनातून पार्करच्या गणिताने चार-पाचशे निघतात. आणि इथं तर पेच आहे की होल थंड आहे तरी वारा वेगवान. तेव्हा जास्तीची ऊर्जा चुंबकीय क्षेत्रातूनच यायला हवी.

महाकणिकेच्या पोटात लहान लहान बंद फास सतत उगवतात आणि कडेकडे ढकलले जातात. तिथं त्यांची गाठ फनेलच्या उघड्या रेषांशी पडते. उलट्या दिशेच्या रेषा भिडल्या की तुटतात आणि अदलाबदलीने जुळतात: फास उघडा होतो, उघडी रेष दुसऱ्या जागी रुजते, आणि फासातला वायू वर भिरकावला जातो. नासाच्या पार्कर यानाने १२-१३ सूर्यत्रिज्यांच्या अंतरावर गेल्यावर वाऱ्यात लहान लहान प्रवाहांचे पट्टे मोजले. बेल आणि सहकाऱ्यांनी २०२३ मध्ये दाखवलं की त्या पट्ट्यांची रुंदी खालच्या महाकणिकांच्या रुंदीशी जुळते, आणि पट्ट्यांत सरासरी प्रोटॉनपेक्षा कितीतरी जास्त ऊर्जेचे आयन आहेत. अशा रेषाबदलात तेच अपेक्षित असतं. म्हणजे जाळ्याचा ठसा एवढ्या वरही पुसला गेला नव्हता. पृथ्वीपाशी तो पुसला जातो, म्हणून एल१ च्या आलेखात शोधू नका.

त्याच वर्षी सोलर ऑर्बिटर यानाच्या चित्रांतून दक्षिण ध्रुवाच्या होलमध्ये चिमुकले झोत सापडले. लांबी काहीशे किमी, आयुष्य २० ते १०० सेकंद, वेग शंभरेक किमी/से. प्रत्येकाची ऊर्जा मोठ्या ज्वालेच्या लाख कोटीव्या हिश्श्याएवढी. एसडीओच्या चित्रात एक पिक्सेल सुमारे ४३५ किमीचा, म्हणून ते आजवर निसटले. सोलर ऑर्बिटर जवळून, १२० किमीच्या आसपासच्या पिक्सेलने बघत होतं.

सज्जनगड_पायरी

झोतांनी वायू वर टाकला हे मान्य. पण वर टाकणं वेगळं आणि साडेसातशेला नेणं वेगळं. तिथं लाटाच लागतात. होलमध्ये रेषा डोलताना दिसतात, सेकंदाला विसेक किमीच्या आंदोलनाने, आणि त्या लाटांतली ऊर्जा चौरस मीटरला १०० ते २०० वॅट, म्हणजे वेगवान वाऱ्याला पुरेशी. फेब्रुवारी २०२२ मध्ये पार्कर यान आणि सोलर ऑर्बिटर एका ओळीत आले आणि एकच प्रवाह आधी १३ सूर्यत्रिज्यांवर, मग दोनेक दिवसांनी १२८ वर मोजला गेला. मधल्या अंतरात लाटांमधली ऊर्जा घटली, तेवढ्या प्रमाणात वारा तापलेला आणि वेगावलेला निघाला. रिव्हेरा आणि सहकाऱ्यांचा २०२४ चा निबंध. शिवाय सोहोने होलच्या वर ऑक्सिजनचे आयन प्रोटॉनपेक्षा कितीतरी जास्त तापलेले पाहिले होते, तेही क्षेत्राला आडव्या दिशेने. साधा दाब असं करत नाही, लाटा करतात.

अजिंक्यतारा

पण लाटा कुठून उठल्या? रेषा तुटून जुळताना जो झटका बसतो त्यातूनही उठतात. पार्कर यानाला क्षणात उलटी फिरून परत येणारी क्षेत्राची वळणं ठिकठिकाणी दिसली, ती अशाच झटक्यांची पोरं आहेत असं मला वाटतं.

सज्जनगड_पायरी

वाटण्याला हरकत नाही. पृष्ठभागाच्या साध्या खळबळीतून उठलेल्या लाटाही वाढत वाढत तशी वळणं घालू शकतात, ही बाजूही तितकीच जिवंत आहे. शाळेच्या तक्त्यावर दोन्ही लिहा. जागेबद्दल वाद नाही, जाळ्याच्या गाठी. वाद आहे तो इंजिनाबद्दल.

कृष्णाकाठ

सरांची लहान होलांची शंका राहिली. लहान होलांचा वारा मंद निघतो हे खरंच आहे. २०१८ मध्ये पार्कर यान पहिल्या फेरीला सूर्याजवळ गेलं तेव्हा त्याच्या खाली विषुववृत्तापाशी एक लहान होल होतं, आणि वारा मंदच होता. कारण रेषा किती झपाट्याने फाकतात यात आहे. मोठ्या होलच्या पोटातल्या रेषा सावकाश फाकतात. लहान होलच्या, किंवा मोठ्याच्या कडेच्या, रेषा शेजारच्या बंद फासांवरून पसरून खूप फाकतात. जितका फाक जास्त तितका पृथ्वीपाशी वेग कमी, हा वांग आणि शीली यांचा १९९० चा नियम, आणि अवकाश-हवामानाचे अंदाज आजही त्याच्यावर उभ्या केलेल्या प्रतिमानाने देतात. त्यामुळे एका होलच्या आतही मध्याचा वारा ७०० आणि कडेचा ४५० असू शकतो.

म्हणून नुसतं होल आहे-नाही लिहून भागणार नाही. क्षेत्रफळ मोजा. ग्राफ पेपरवर असं:

१९३ चं चित्र सूर्याची तबकडी १० सेंमी व्यासाची येईल असं छापा. पूर्ण चौकटीची रुंदी १० सेंमी करू नका. ४०९६ पिक्सेलच्या चौकटीत तबकडी ३२०० च्या आसपासच असते. कोरोनाचा उजेड कडेबाहेर पसरतो, त्यामुळे डोळ्याला दिसणारी कडही फसवी. त्याच वेळच्या पांढऱ्या प्रकाशाच्या चित्रावरून वर्तुळ आखून घ्या.

मग मध्यावर एक उभं लंबवर्तुळ आखा, मध्यरेषेच्या दोन्ही बाजूंना १० अंश. अर्धा लांब अक्ष ५० मिमी, अर्धा आखूड अक्ष ८.७ मिमी. आखायला सोपं जावं म्हणून: मध्यापासून वर-खाली १० मिमीवर अर्धी रुंदी ८.५, २० वर ८, ३० वर ६.९, ४० वर ५.२, ५० वर शून्य. याचं क्षेत्रफळ १,३६४ चौमिमी. त्यात होलने व्यापलेले मिमीचे चौकोन मोजा आणि १,३६४ ने भागा. हा त्या दिवसाचा आकडा. मध्यापासून ४३ मिमीच्या पलीकडचं, म्हणजे साठ अंशांच्या वरचं होल, वेगळ्या रकान्यात टाका. त्याचा वारा बहुधा पृथ्वीच्या डोक्यावरून किंवा पायाखालून जातो.

मुलांना मापाचा अंदाज यावा म्हणून याच कागदावर सांगा: एक महाकणिका दोन मिमीपेक्षा जराशी मोठी, आणि वारा मार्गी लागतो ती २०,००० किमीची उंची दीड मिमीसुद्धा नाही. टोकदार पेन्सिलीने दोन-दोन मिमीचं जाळं होलमध्ये काढायला लावा. उगम त्या रेघांवर, मधल्या मोकळ्यात नाही.

कृष्णाकाठ

वर कोनाचं लिहायचं राहिलं होतं. वेग चढला म्हणजे होलचाच प्रवाह आला असं नाही, स्फोटाचा ढगही असू शकतो. आलेख असा वाचा. होलचा प्रवाह पुढच्या मंद वाऱ्याला मागून रेटतो, म्हणून आधी घनता चढते, घनसेंमीला वीस-तीस प्रोटॉनपर्यंत, आणि क्षेत्र नेहमीच्या पाचवरून दहा-वीस नॅनोटेस्लापर्यंत जातं. मग वेग काही तासांत हळूहळू वर सरकतो, घनता तीनेकवर कोसळते, तापमान चढतं. वेग दोन-चार दिवस वर राहून सावकाश उतरतो, आणि क्षेत्र सारखं थरथरत असतं. ढगाचं उलट: वेग, घनता, क्षेत्र आणि तापमान एकाच क्षणी उडी मारतात, मग क्षेत्र तासन्‌तास संथ वळत जातं.

शेवटची तपासणी खुणेची. चुंबकचित्रात होलखाली पांढरं जास्त, म्हणजे क्षेत्र बाहेरच्या दिशेने. मग आलेखात फाय कोन (वाऱ्यातल्या चुंबकीय क्षेत्राची दिशा दाखवणारा) १३५ अंशांच्या आसपास हवा. काळं जास्त असेल तर ३१५ च्या आसपास. हे जुळलं नाही तर तुम्ही धरलेलं होल चुकीचं आहे, भले तारखा कितीही बरोबर बसोत.

सज्जनगड_पायरी

यात ऋतूचीही भर घाला. सप्टेंबरच्या सुरुवातीला सूर्याचा उत्तर ध्रुव आपल्याकडे ७.२५ अंश झुकलेला असतो, मार्चच्या सुरुवातीला दक्षिण. त्या काळात त्या त्या ध्रुवावरच्या होलची खाली आलेली शेपटी पृथ्वीला जास्त सहज लागते. वादळाचा जोरही विषुवदिनांच्या आसपास वाढतो: मार्च-एप्रिलमध्ये सूर्याकडच्या दिशेचं क्षेत्र जास्त झोंबतं, सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सूर्यापासून दूर जाणारं. आणि तक्ता पावसाळ्यातही थांबत नाही, चित्रं अवकाशातून येतात.

माहुली_संगम

रकाने असे ठरवतोय: तारीख-वेळ जागतिक, लंबवर्तुळाचा होलने व्यापलेला हिस्सा, खूण पांढरी की काळी, ३०४ ची चाचणी झाली का, वेग, घनता, फाय, आणि शेवटी कुठल्या तारखेच्या होलशी जोडलं. काही सुटलं का? आणि २७ दिवसांनी तेच होल परत आलं हे कसं ओळखायचं, मधे त्याचा आकार बदलला तर?

कृष्णाकाठ

एक रकाना वाढवा: मागच्या फेरीतली नोंद. १० जानेवारीला मध्यावर असलेलं होल ६ फेब्रुवारीच्या आसपास परत मध्यावर येईल. कडा बदललेल्या असतील, खूण मात्र तीच असेल. सौरडाग अक्षांशाप्रमाणे कमी-जास्त वेगाने फिरतात, त्यामुळे उभा लांबट समूह काही फेऱ्यांत तिरका होतो. होल तसं फारसं पिळवटत नाही, जवळजवळ एकसंध फिरतं. स्कायलॅबच्या काळातलं बुटाच्या आकाराचं होल असंच ओळखू येत राहिलं. याचं श्रेयही त्या रेषाबदलालाच देतात: कडेच्या रेषा तुटून पुन्हा जुळत राहतात, म्हणून कड जागच्या जागी राहते. सौरचक्राच्या उतरणीच्या काळात अशी परतणारी होलं जास्त मिळतात. सध्याच्या २५ व्या चक्राचा भर २०२४ मध्ये होता, तेव्हा पुढची काही वर्षं या तक्त्याला सोयीची आहेत.

माहुली_संगम

आभार. तबकडी १० ऐवजी १२ सेंमी घेतली तर चालेल ना? ए-४ वर बसते आणि मागच्या बाकावरून दिसते.

कृष्णाकाठ

चालेल. अर्धे अक्ष ६० आणि १०.४ मिमी, क्षेत्रफळ १,९६४ चौमिमी, साठ अंशांची सीमा मध्यापासून ५२ मिमीवर. छापताना पानाला आपोआप बसवण्याची खूण काढून टाका आणि पहिल्या प्रतीवर पट्टी लावून व्यास मोजा.